दळण, पाणी आणि घरपट्टी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर तत्त्वज्ञान, इतिहास, वाङ्मय यांची चर्चा व्हावी, आणि मी मात्र पिठाची गिरणी, पाण्याचा नळ आणि घरपट्टीची पावती घेऊन आपल्यापुढे उभे राहावे, हे काहींना विचित्र वाटेल. विषय लहान आहे हे मला मान्य आहे. परंतु माणसाचा दिवस या लहान गोष्टींनीच सुरू होतो आणि त्या बिघडल्या की मोठ्या गोष्टींकडे लक्ष द्यायला त्याला उसंत मिळत नाही. ज्या घरातील बाईला दोन हंडे पाण्यासाठी सकाळचे दोन तास द्यावे लागतात, तिच्यापुढे ग्रामराज्याची कल्पना मांडणे ही एक प्रकारची थट्टाच होय. म्हणून खेडेगावातील सोयी म्हणजे काय, त्या कशावर चालतात आणि कशामुळे बंद पडतात, एवढाच प्रश्न मी आज घेणार आहे.

सुरुवात आपल्या शहरातल्या एका जुन्या सोयीपासून करू. छत्रपती संभाजीनगरात पाहुणा आला की आपण त्याला पाणचक्की दाखवायला नेतो. खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. अठराव्या शतकातील हे काम. डोंगराकडील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून कित्येक मैल आणले, एका उंच भिंतीवर चढविले आणि तेथून खाली सोडले. त्या धारेच्या जोराने खालचे पाते फिरते आणि पात्याच्या आसाबरोबर वरचा दगड फिरतो. न बैल, न वाफ, न वीज. पाहुणा हे यंत्र पाहून थक्क होतो, फोटो काढतो आणि आपण चहाला जातो. परंतु ही चक्की दळत कोणासाठी होती, हे आपण त्याला क्वचितच सांगतो. दर्ग्यात उतरणारे यात्रेकरू, फकीर, तेथे शिकणारे विद्यार्थी यांच्या अन्नछत्रासाठी ते पीठ होते. म्हणजे ती करमणुकीची वस्तू नव्हती, सार्वजनिक सोय होती.

त्याच्याही आधी, १६१० मध्ये मलिक अंबराने खडकी वसविली तेव्हा त्याने पहिल्यांदा ज्या गोष्टींचा विचार केला त्यांत पाणी होते. त्याची नहर जमिनीखालून, केवळ उताराच्या बळावर, शहरात पाणी आणीत असे आणि अनेक पिढ्यांनी ते पाणी प्यायले. या दोन्ही कामांची आपण स्तुती करतो ती बांधणाऱ्याची. माझा प्रश्न निराळा आहे. बांधल्यावर ती शेकडो वर्षे चालू कोणी ठेवली? नळ फुटला तर सांधला कोणी, गाळ काढला कोणी, दगड झिजला तेव्हा त्याला टाकी कोणी लावली आणि त्याची मजुरी कोणत्या पैशातून दिली? बांधणाऱ्याचे नाव शिलालेखावर राहते. गाळ काढणाऱ्याचे राहत नाही. पण सोय टिकते ती या दुसऱ्या माणसामुळे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वस्तू निराळी आणि सोय निराळी. लोखंडाचा नळ ही वस्तू आहे. रोज सकाळी ठरल्या वेळी त्याला स्वच्छ पाणी येणे ही सोय आहे. खांबावरचा दिवा ही वस्तू आहे. अंधार पडताच तो लागणे ही सोय आहे. वस्तू एकदा विकत घेता येते, सोय मात्र रोज विकत घ्यावी लागते. आमच्या ओळखीच्या एका गावात टाकी बांधली, नळ घातले, फीत कापली, पेढे वाटले. दोन उन्हाळे पाणी आले. तिसऱ्या वर्षी विहिरीवरची मोटर जळाली. ती पुन्हा बांधून घ्यायला काही हजार रुपये लागणार होते. पंचायतीच्या खात्यात ते नव्हते, कारण पाणीपट्टी कोणी भरली नव्हती. पाणीपट्टी का भरली नाही असे विचारले तर उत्तर मिळाले, पाणी कुठे येते? लाखो रुपयांची योजना काही हजारांसाठी उभी राहिली आणि बायका पुन्हा हंडे घेऊन शेतातल्या विहिरीकडे निघाल्या. या गावाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. आपल्यापैकी जे खेड्यातून आले आहेत, त्यांना ते आपलेच गाव वाटेल.

मग पूर्वी हे कसे चालत असे? त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात जुन्या खेड्याची घडण तपशीलवार मांडली आहे. सुतार औत दुरुस्त करी, लोहार फाळ शेवटी, कुंभार मडकी देई, परीट कपडे धुई, न्हावी हजामत करी, आणि सुगी झाली की प्रत्येक कुणबी खळ्यावर यांना धान्याचा ठरलेला वाटा देई. तेच बलुते. हिशेबाच्या दृष्टीने या पद्धतीत एक शहाणपण होते. सेवा वर्षभर, मोबदला सुगीला, आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या डोळ्यांसमोर. ज्याने खळ्यावर हात आखडला त्याचे औत पुढच्या मृगाला दुरुस्त होण्यास उशीर लागे. सेवा आणि मोबदला यांची गाठ पक्की होती.

परंतु या गाठीचाच फास काहींच्या गळ्याला बसला होता, हे विसरून जुन्या खेड्याचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. काम जन्माने ठरे, मोबदला देणारा ठरवी आणि गावाची सोय गावातल्या सर्वांची नव्हती. ज्यांनी गावाची मेलेली गुरे ओढली, ज्यांनी वेशीवर पहारा केला, त्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरण्याची मुभा नव्हती. सार्वजनिक तळ्यातील पाणी पिण्याच्या साध्या हक्कासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या स्तुतीवर जी कठोर टीका केली, तिच्यामागे हा सारा अनुभव होता. ज्यांनी याच शहरात १९५० साली मिलिंद महाविद्यालय उभे केले, त्यांना खेडे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? तेव्हा नव्या व्यवस्थेची कसोटी दुहेरी आहे. सोय टिकली पाहिजे, हा तिचा एक भाग. ती सर्वांची असली पाहिजे, हा दुसरा.

नवी व्यवस्था कायद्याने आली. राज्यघटनेच्या चाळिसाव्या कलमाने ग्रामपंचायती संघटित करण्याचे मार्गदर्शक तत्त्व सांगितले. १९५८ साली मुंबई ग्रामपंचायत अधिनियम झाला. तोच आज महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणून ओळखला जातो. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेला आपला मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा व पंचायत समित्या निर्माण झाल्या आणि १ मे १९६२ पासून त्या कामाला लागल्या. त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती. २४ एप्रिल १९९३ रोजी ती अंमलात आली आणि पंचायत ही घटनेने मान्य केलेली सत्ता झाली. पंचायतींकडे सोपविता येतील असे २९ विषय घटनेच्या अकराव्या परिशिष्टात नोंदले गेले. पिण्याचे पाणी, रस्ते, आरोग्य, शाळा, वाचनालय हे सारे त्यांत आहे.

या पंचायतीच्या थैलीला दोन तोंडे आहेत. एका तोंडातून सरकारी अनुदान येते. उदाहरणार्थ, पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी ग्रामीण संस्थांना जो निधी ठरविला, त्यातील ६० टक्के पाणी व स्वच्छता यांना बांधलेला होता आणि ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचा होता. दुसऱ्या तोंडातून गावाचा स्वतःचा पैसा येतो. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्तीचा कर, बाजाराची फी वगैरे. अनुदानातून बहुधा वस्तू उभी राहते. सोय चालविण्यासाठी मात्र स्वतःचा पैसा लागतो. टाकी अनुदानातून बांधता येते, पण विजेचे बिल, पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार, जंतुनाशक पावडर आणि जळालेली मोटर हा खर्च दर महिन्याचा आहे.

आता अडचण येथे आहे की कर बसविणारा आणि कर भरणारा एकाच गल्लीत राहतात. कायद्याने थकबाकीदारावर जप्ती आणता येते. बिल मिळूनही मुदतीत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. अधिकार आहेत, पण सरपंचाने चुलत्याच्या दारी जप्ती न्यावी कशी? तोंडावर निवडणूक आहे, उद्या मत मागायचे आहे. पंचायतीचा जो सेवक, ज्याला लोक ग्रामसेवक म्हणत आले, त्याच्याकडे एकाहून अधिक गावेही असू शकतात. तोही मार्चअखेरीस चार घरी जाऊन येतो आणि ‘वसुली सुरू आहे’ असा शेरा लिहितो. गावकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर त्याचेही चूक नाही. त्याचा पैसा वर्षातून एकदा जातो आणि त्याबद्दल काय मिळाले ते त्याला दिसत नाही. बलुत्यात सेवा व मोबदला यांची जी गाठ होती, ती येथे सुटलेली आहे.

ही गाठ पुन्हा कशी बांधता येते याचे एक उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. पाटोदा हे गाव आपल्या शहरापासून थोड्याच अंतरावर, वाळूज औद्योगिक वसाहतीच्या बाजूला आहे. भास्करराव पेरे पाटील यांच्या नेतृत्वाखाली सुमारे पंचवीस वर्षे या गावच्या पंचायतीने जे केले, ते पाहण्यासाठी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून लोक येत राहिले. संत गाडगेबाबांच्या नावाने २००० सालच्या सुमारास राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. त्यात हे गाव पुढे आले आणि त्याला बक्षिसे मिळाली. परंतु बक्षिसापेक्षा माझे लक्ष वेधले ते तेथील दळणाने.

पाटोद्याच्या पंचायतीने स्वतःची पिठाची गिरणी चालविली आणि नियम केला की ज्याने पंचायतीचा कर पूर्ण भरला, त्याला वर्षभर दळण फुकट. पिण्यासाठी शुद्ध केलेले पाणी निराळे, वापरायचे पाणी निराळे, आंघोळीसाठी गरम पाण्याची व्यवस्था. रस्त्याच्या कडेला हात धुण्याच्या जागा, झाडे, गटारांची बंदिस्त व्यवस्था, सांडपाण्याची विल्हेवाट. यातील एकेक गोष्ट इतरत्रही सापडेल. परंतु त्या साऱ्यांच्या मुळाशी जी कल्पना होती ती अशी की, कर भरणाऱ्याला त्याच्या कराचे फळ घरात दिसले पाहिजे, आणि तेही वर्षातून एकदा नव्हे, आठवड्याला दिसले पाहिजे. बाई गिरणीतून पिठाचा डबा घेऊन येते तेव्हा तिच्या डोक्यावर पावतीच असते म्हणा ना!

फुकट दळण गावाला परवडते कसे, असे कोणीही विचारील. हिशेब कळावा म्हणून आपण काही आकडे कल्पू. हे पाटोद्याचे आकडे नव्हेत, केवळ समजावण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, गावात ५०० घरे आहेत आणि घरपट्टी-पाणीपट्टी मिळून घरामागे वर्षाला २,००० रुपये येणे आहे. एकूण येणे १० लाख. वसुली ४० टक्के झाली तर ४ लाख मिळतात आणि ६ लाख बुडतात. आता प्रत्येक घर महिन्याला ३० किलो धान्य दळते असे धरा. वर्षाला ३६० किलो. बाहेर किलोला ५ रुपये दळणावळ असेल तर घराचे १,८०० रुपये जातात. पंचायतीने गिरणी घातली तर ५०० घरांचे १ लाख ८० हजार किलो दळण होईल. विजेचा खर्च किलोला एक रुपया धरला तर १ लाख ८० हजार रुपये. गिरणी चालविणाऱ्याचा पगार वर्षाला दीड लाख. पट्टे, दगड, दुरुस्ती यांचे ३० हजार. एकंदर ३ लाख ६० हजार. फुकट दळणाच्या ओढीने सर्वांनी कर भरला तर पूर्वी बुडणारे ६ लाख हाती येतात. त्यातून गिरणीचा खर्च वजा जाता २ लाख ४० हजार उरतात. घरधन्याने २,००० भरले आणि १,८०० वाचविले. पंचायतीने दळून दिले आणि वर पैसा उरला. त्या उरलेल्या पैशातून मोटर जळाली तर दुसऱ्या दिवशी बांधून आणता येते.

या हिशेबात जादू नाही. घरोघर किरकोळीने जे विकत घेतले जात होते ते गावाने एकत्र केले आणि झालेली बचत कराच्या वसुलीला जोडली, एवढेच. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. गावात आधीपासून जो गिरणीवाला आहे त्याचे पोट या योजनेत जाते. त्याची गिरणी पंचायतीने भाड्याने घ्यावी किंवा त्यालाच चालक नेमावे. एकाला बुडवून केलेली सोय गावात वैर पेरते. आणि दुसरे असे की गिरणी रोज चालली पाहिजे. ती महिनाभर बंद पडली की ‘कर भरून काय मिळते’ हा जुना प्रश्न पुन्हा दारात उभा राहील.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की पाटोदा शहराजवळ आहे, शेजारी कारखाने आहेत, लोकांच्या हाती रोख पगार येतो. कन्नड-सोयगावच्या डोंगराकडील किंवा वैजापूरच्या कोरडवाहू गावाने हे कसे करावे? आक्षेपात तथ्य आहे. जेथे पैसा नाही तेथे काय होऊ शकते हे पाहायचे तर शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारकडे जावे लागेल. तेथे कारखाना नव्हता, दुष्काळ होता. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने श्रमदान केले, डोंगरावर चर खणले, पाणी अडविले, चराई व कुऱ्हाड यांना आळा घातला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाण्याचा ताळेबंद मांडला. पाऊस किती पडला, त्यातून पिण्याला किती, गुरांना किती, पिकाला किती. शेतीसाठी विंधनविहिरी नकोत आणि ऊस-केळी नकोत असा निर्बंध स्वतःवर घालून घेतला. या कार्यासाठी पवारांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. पाटोद्याने पैशाचा हिशेब केला, हिवरे बाजारने पाण्याचा. नाणे निराळे, पण दोन्हीकडे गावाने आपली जमा आणि आपला खर्च चारचौघांत मांडला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जो कर भरील त्यालाच सोय, असा नियम केला तर जो भरूच शकत नाही त्याचे काय? विधवा, भूमिहीन, ऊसतोडीला गेलेले कुटुंब. जुन्या खेड्याने जातीच्या नावाने ज्यांना विहिरीपासून दूर ठेवले, त्यांनाच नव्या खेड्याने थकबाकीच्या नावाने दूर ठेवायचे काय? मला वाटते, येथे हक्काची सोय आणि बक्षिसाची सोय असा भेद केला पाहिजे. पिण्याचे पाणी, शाळा, दवाखान्याचा रस्ता, रात्रीचा दिवा या हक्काच्या गोष्टी आहेत. कोणाची पावती असो वा नसो, त्या थांबविता कामा नयेत. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातील प्रत्येक माणसामागे रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले. त्यात थकबाकीदार वगळलेला नाही. फुकट दळण, गरम पाणी या वरच्या गोष्टी. त्यांचे आमिष कराच्या वसुलीला जरूर लावावे. आणि जो खरोखर असमर्थ आहे त्याचा कर हप्त्याने घ्यावा, किंवा गावाच्या कामावरील त्याच्या मजुरीतून त्याच्या संमतीने वळता करावा. पंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्चावी लागते. ती कागदावर न ठेवता वस्तीच्या गटारावर व दिव्यावर खर्च झाली, तर ‘गावाची सोय’ या शब्दांना अर्थ येईल.

तिसरा आक्षेप माणसाबद्दलचा आहे. हे सारे एका कर्त्या पुरुषावर चालते आणि तो बाजूला झाला की संपते, असे म्हणतात. जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत पाटोद्यात गावाने नव्या लोकांना संधी दिली. पेरे पाटलांच्या कुटुंबातील उमेदवाराचा पराभव झाला. वर्तमानपत्रांतून याची पुष्कळ चर्चा झाली. काहींनी गावाला कृतघ्न ठरविले. मला तसे वाटत नाही. मतदाराने कृतज्ञतेपोटी कायमचे एकाच घराला निवडून द्यावे अशी अपेक्षा करणे म्हणजे पंचायतीची पाटीलकी करणे होय. चांगल्या सरपंचाच्या कामाची खरी परीक्षा तो पदावर नसताना होते. त्याने घातलेला नियम कागदावर होता की त्याच्या तोंडी होता? हिशेबाची वही पंचायतीत होती की त्याच्या घरी? गिरणी चालविणारा पगारी माणूस होता की त्याचा कार्यकर्ता? नियम आणि वही मागे राहिली तर नवा माणूस, मग तो विरोधी पक्षाचा का असेना, तीच गिरणी पुढे चालवू शकतो. पाणचक्की बांधणारा गेला, त्याचा बादशहा गेला, निजामही गेला. जोवर गाळ काढणारा होता आणि त्याच्या मजुरीची तजवीज होती, तोवर दगड फिरत राहिला.

हा प्रश्न आपल्यापुरताच नाही, म्हणून जाता जाता परदेशातील एक उदाहरण देतो. वेल्स देशाच्या वायव्य टोकाला, समुद्रकाठच्या डोंगरावर, लिथवाइन नावाचे एक छोटे गाव आहे. दगडाच्या खाणींवर ते वाढले आणि खाणी बंद पडल्यावर त्याची उतरती कळा सुरू झाली. अशा गावात एकेक सोय मिटत जाते. आज दुकान, उद्या टपालघर, परवा शाळा. तेथे गावकऱ्यांची बसण्याउठण्याची, गाण्याबजावण्याची जागा म्हणजे गावचे मद्यगृह. त्या शब्दाने आपण नाक मुरडू, परंतु आपल्याकडे जे काम पार आणि चावडी करते तेच तिकडे ते करते. ते जाणार असे दिसताच गावकऱ्यांनी भाग उभारले आणि १९८८ साली ते सहकारी मालकीचे करून घेतले. ज्या महाराष्ट्राने प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर साखर कारखाना उभा केला, त्याला ही कल्पना नवी नाही. आपण ती साखरेला लावली, दुधाला लावली, पण गावातील लहान सोयींना लावण्याचे आपल्या मनात फारसे आले नाही. गावातील किराणा दुकान, औषधांचे दुकान, अभ्यासिका, शहराकडे जाणारी जीप या गोष्टी पंचायतीच्या करातून होण्यासारख्या नसतील, पण गावकऱ्यांच्या भागांतून होऊ शकतील.

तात्पर्य काय? सोय चालविण्याचे तीन-चारच मार्ग आहेत. दान, कर, श्रम आणि भाग. पाणचक्कीमागे दान होते, पाटोद्यामागे कर, हिवरे बाजारमागे श्रम, लिथवाइनमागे भाग. अनुदान हा पाचवा मार्ग आपल्याला सर्वांत परिचयाचा, पण अनुदानाने आरंभ होतो, निर्वाह होत नाही. आपल्या गावाला यांतील कोणता मार्ग जुळतो हे गावानेच ठरवायचे आहे, आणि ते ठरविण्याची जागा म्हणजे ग्रामसभा.

आपल्यापैकी पुष्कळजण शहरात राहतात, परंतु घर, शेत, वडीलधारी माणसे गावी आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास गावोगाव ग्रामसभा भरतात. पुढच्या वेळी आपण गावी असाल तर तेथे अवश्य जाऊन बसा. भाषण करण्याची गरज नाही. चार साधे प्रश्न विचारा. गेल्या वर्षी करांचे येणे किती होते आणि वसूल किती झाले? पाणी, दिवे आणि सफाई यांचा महिन्याचा खर्च किती, आणि तो कोणत्या पैशातून भागला? मोटर जळाली तर बांधून घ्यायला पैसे बाजूला ठेवले आहेत काय? आणि गावातील कोणत्या वस्तीत आजही नळ नाही, दिवा नाही? मात्र प्रश्न विचारण्यापूर्वी आपल्या गावच्या घराची पट्टी भरून पावती खिशात ठेवा. शहरात नोकरी करणाऱ्याच्या बंद घराची पट्टी थकलेली असते आणि सुट्टीला आल्यावर ‘गाव सुधारत नाही’ असे तोच मोठ्याने म्हणतो. हे मी दुसऱ्या कोणाला उद्देशून म्हणत नाही. ही थकबाकी काही वर्षे माझ्याही नावावर होती. व्याख्यानाची तयारी करताना तिची आठवण झाली, आणि रिकाम्या हाताने आपल्यापुढे येणे बरे वाटेना, म्हणून गेल्या आठवड्यात गावी जाऊन ती भरून आलो.

पावती देताना पंचायतीतला तरुण कारकून म्हणाला, “काका, एवढ्या वर्षांनी? आता तुमच्या बोळातला दिवा बंद असला तर हक्काने फोन करा.” त्या बोळात आमचे घर बंद असते. पण शेजारी दोन म्हाताऱ्या माणसांची घरे आहेत आणि रात्री त्यांना उंबऱ्याबाहेर पडावे लागते. त्या दिव्याच्या बिलात माझा वाटा इतकी वर्षे नव्हता, हे मला त्या क्षणी जितके स्पष्ट कळले तितके कोणत्याही ग्रंथाने कळविले नव्हते.